खून पहिल्या पानावर, खुनी चारशेव्या: मधल्या पानांत वाचक काय वाचतो?

रहस्यकथा म्हटलं की मराठी वाचकाच्या डोक्यात एक ठरावीक चाल बसलेली असते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड पहिल्याच पानावर हजर व्हायचा, पाचव्या पानाला गोळी सुटायची आणि ठाण्याला धरलेलं पुस्तक व्हीटी येईपर्यंत हातावेगळं व्हायचं. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकरांनीही हा वेग उतरू दिला नाही.

अशा वाचकाच्या हातात आज कुणीतरी चारशे पानांची कादंबरी ठेवतं. तपास करणारी पोलीस अधिकारी बाई आहे. प्रेत पहिल्या प्रकरणातच सापडलंय. पण दीडशेव्या पानावरही ही बाई कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून चहा घेतेय आणि विचारतेय, "त्या दिवशी पाणी किती वाजता आलं होतं?" पुस्तक इथेच मिटणारे पुष्कळ. पण चव लागली की त्याच बाईची सगळी पुस्तकं ओळीने संपवणारेही पुष्कळ. पडद्यावरही तेच. 'दिल्ली क्राइम' ही मालिका 2019 मध्ये आली, 2020 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, आणि तिच्या मध्यभागी होती एक दमलेली, न थांबणारी डीसीपी बाई.

एवढं संथ काम लोकांना आवडतं कसं, आणि त्यात बाईच का, हे जरा उलगडून बघू.

हा प्रकार नेमका कोणता?

इंग्रजीत याला 'पोलीस प्रोसीजरल' म्हणतात. आपण सरळ 'तपासकथा' म्हणू. कोड्याच्या रहस्यकथेत एक हुशार माणूस शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उत्तर सांगतो. थरारकथेत पाठलाग असतो, घड्याळाची टिकटिक असते. तपासकथेत यातलं फारसं काही नसतं. गुन्हा नोंदवण्यापासून आरोपपत्रापर्यंत पोलीस जे करतात, ते क्रमाने दाखवणं हाच तिचा कणा असतो.

अमेरिकन लेखक लॉरेन्स ट्रीट यांची 1945 मधली कादंबरी या प्रकारातली पहिली मानली जाते. 1956 पासून एड मॅकबेन यांनी एकट्या नायकाऐवजी अख्खं पोलीस ठाणंच नायक केलं. संथपणाची खरी गोडी लावली ती मात्र स्वीडनच्या मै शोवाल आणि पेर वालू या जोडीने. 1965 ते 1975 या काळात त्यांनी दहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यातल्या पहिलीत कालव्यातून एका तरुणीचा मृतदेह निघतो आणि ती कोण होती, हे कळायलाच काही महिने जातात. खुनी तर फारच लांब. अधिकाऱ्याला सर्दी झालेली असते, फोन येत नाहीत, पत्राची वाट बघावी लागते, आणि तरीही पुस्तक खाली ठेवावंसं वाटत नाही.

छतावरचा डाग

नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या इमारतीत राहिलेल्याला हे का घडतं ते पटकन कळेल. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलच्या छताला ओल येते. वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. सेक्रेटरी म्हणतात, गच्चीचं असेल. प्लंबर येतो आणि पहिलीच गोष्ट सांगतो, की डाग जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत कुठूनही कुठे निघतं. मग एकेक शक्यता बाद करायची. स्वयंपाकघराचा नळ बंद करून दोन दिवस बघायचं. मग बाथरूममध्ये रंग टाकून पाणी तुंबवायचं आणि खाली रंग उतरतो का, यावर डोळा ठेवायचा. यातला निम्मा वेळ तर वरच्यांनी दार उघडावं म्हणून केलेल्या विनवण्यांत जातो. शेवटी डागाच्या कडेला फिकट निळी छटा उमटते तेव्हा तिसऱ्या मजल्यावर जो आनंद होतो, तो पाइपचा नसतो. वरच्यांना आता 'आमचं नाही' म्हणता येणार नाही, त्याचा असतो.

तपासकथा वाचकाला हाच आनंद देते. खुनी कोण याचा अंदाज बऱ्याचदा अर्ध्यावरच आलेला असतो. गंमत असते ती अंदाज शाबीत कसा होतो हे बघण्यात. आपल्या रोजच्या आयुष्यात तक्रार केली की 'बघतो, करतो' ऐकून परत यायची सवय झालेली असते. इथे कुणीतरी चारशे पानं न कंटाळता पाठपुरावा करतंय, ते बघायलाच लोक या कादंबऱ्यांकडे वळतात, असं माझं मत आहे. बाकीची कारणं त्यानंतर.

पण इतके कागद कशाला?

कारण कायदा अंदाजाला किंमत देत नाही. आपल्याकडचंच बघा. सिनेमात आरोपी 'हो, मीच मारलं' म्हणाला की दिवे लागतात. प्रत्यक्षात पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. आरोपीने सांगितल्यावर जर हत्यार खरोखर तिथेच सापडलं, तर त्या बोलण्याचा तेवढाच, हत्यार सापडण्याशी जोडलेला तुकडा चालतो. म्हणून पंच लागतात, पंचनामा लागतो, मुद्देमालावर सील लागतं. 'मयत उताणे स्थितीत, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस' हे रुक्ष वाक्य वर्षानुवर्षांनी कोर्टात उभं राहतं. लिहिणारा तोवर दोनदा बदली होऊन गेलेला असतो.

साक्षीदाराने पोलिसांना दिलेल्या जबाबावर त्याची सही घेत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो पुढे कोर्टात फिरला, तर जुना जबाब मुख्यतः त्याच्या बोलण्यातली विसंगती दाखवायलाच वापरता येतो. म्हणजे जबाब घेणाऱ्याला एका माणसाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. त्या शब्दाला टेकू देणाऱ्या दहा वस्तू शोधाव्या लागतात: बिलं, फोनच्या नोंदी, सीसीटीव्ही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण आलं आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. या सगळ्यावर घड्याळही लावलेलं आहे. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र गेलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो.

त्यामुळे तपासकथा संथ असली तरी तिला ताण नाही असं नाही. तो ताण कॅलेंडरचा असतो. कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल 88 व्या दिवशी येईल की 92 व्या, यावर एखादं प्रकरण सहज उभं राहील.

समजा, ऐरोलीच्या खाडीत

असं एखादं पुस्तक आपल्याकडे घडवायचं तर जागा शोधायला लांब जायला नको. ऐरोलीच्या पुलाखाली ओहोटीला चिखलात एका बाईचा मृतदेह दिसतो. पहिला प्रश्न खुनाचा नाही, हद्दीचा. पुलाच्या पश्चिमेला मुंबई पोलीस, पूर्वेला नवी मुंबई पोलीस, खाडीने थोडं वर सरकलं की ठाणे पोलीस. रुळांवर सापडला असता तर लोहमार्ग पोलीस. गुन्हा कुठल्याही ठाण्यात 'झिरो'ने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवता येतो, पण पाठवण्याआधी फोनाफोनी होतेच, आणि चांगली लेखिका ती फोनाफोनी गाळत नाही. त्यात कोण काय टाळतंय ते दिसतं.

मग पंच. संध्याकाळच्या वेळी चिखलात उभं राहून नाव-पत्ता द्यायला कोण तयार होणार? पुढे कोर्टाच्या तारखा आल्याच. दिवा गावच्या कोळीवाड्यातला एक म्हातारा कबूल होतो, आणि तोच पीएसआय बाईला भरतीचं गणित सांगतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी आत खारफुटीपर्यंत चढतं; भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तेवढं चढत नाही. प्रेत खारफुटीच्या मुळांत इतक्या वर अडकलं असेल तर ते उधाणालाच आलं असणार, म्हणजे आठवडाभरापूर्वी. ती तारीख लिहून घेते. या पानावर एवढंच घडतं.

शंभर पानांनंतर घणसोली गावातल्या एका चाळवजा घरात ती मृत बाईच्या शेजारणीसमोर बसलेली असते. नवऱ्याचं म्हणणं असं की बायको वीस तारखेला माहेरी गेली. शेजारीण चहा टाकते, दुधाचं पातेलं उतरवते आणि सहज म्हणते, आमचा दूधवाला एकच. दाराच्या आत खिळ्याला लटकवलेली कापडी पिशवी, पिशवीत दुधाचं मळकट कार्ड. शेजारच्या घरचं कार्डही त्याच पिशवीत राहून गेलेलं. त्यावर रोजचे आकडे: एक, एक, एक. पंधरा तारखेपासून अर्धा, अर्धा, अर्धा.

वीस तारखेपर्यंत घरात दोघं होती तर दूध पाच दिवस आधीच निम्म्यावर कसं आलं?

गोळी सुटलेली नाही, कुणी धावलेलं नाही, पण म्हाताऱ्याचं उधाण आणि हे दूध एकमेकांना जुळलं. तपासकथेची युक्ती इथे उघड होते. मोठा प्रश्न ती शेवटपर्यंत टांगून ठेवते आणि दर प्रकरणाला एखादा छोटा प्रश्न सोडवून देते. शिवाय कोड्याच्या कथेतला बुद्धिमान नायक आपल्यापासून काही ना काही लपवत असतो, इथे वाचक तपास अधिकाऱ्याच्या शेजारच्याच खुर्चीवर असतो. तिला जेवढं माहीत, तेवढंच आपल्याला.

मग बाईच का?

पुस्तकांत ही बाई खऱ्या बाईच्या बऱ्याच आधी आली. लंडनमध्ये 1864 मध्येच स्त्री गुप्तहेरांच्या कथांची पुस्तकं छापली गेली. तिथल्या पोलीस दलात बायकांना जागा मिळायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं. पुढे 1930 मध्ये अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल कादंबरीत आली, पण तिच्या हातात लोकरीचे गोळे होते, अधिकार नव्हता. 1968 मध्ये डोरोथी उनाक यांनी न्यूयॉर्कच्या पोलीस तपासनीस बाईवर कादंबरी लिहिली. त्या स्वतः चौदा वर्षं तिथल्या ट्रान्झिट पोलिसांत होत्या. 1991 मध्ये लिंडा ला प्लांट यांच्या ब्रिटिश मालिकेतली जेन टेनिसन आली. लंडन पोलिसांतल्या जॅकी माल्टन या खऱ्या अधिकारी बाईंशी बोलून ते पात्र उभं केलं होतं. तिला गुन्हेगाराइतकंच आपल्याच खोलीतल्या पुरुषांशी झुंजावं लागतं.

इथून पुढे या प्रकारात दोन तपास समांतर चालू लागले: एक खुनाचा, दुसरा 'हिला जमेल का' याचा. पुरुष अधिकारी म्हणतो, "मला वाटतं हाच." लोक कामाला लागतात. बाई तेच म्हणाली की विचारतात, "कशावरून?" मग ती आधीच कागद गोळा करून ठेवते. कादंबरीला संथ व्हायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं मिळणार! जिच्या शब्दाला दुप्पट पुरावा लागतो, ती तपासही दुप्पट बारकाईने करते, आणि वाचकाला तो सगळा बारकावा बघायला मिळतो.

आपल्याकडे तर कायद्यानेच तिची जागा ठरवली आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची वेळ आलीच, तर महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी हवी. लैंगिक अत्याचाराची फिर्याद स्त्री देत असेल तर ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, साक्षीदार म्हणून बाईला पोलीस ठाण्यात हजर राहायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जायचं. म्हणजे तपासाची वाट माजघरातून जातेच. प्रत्यक्षात बऱ्याचदा महिला पोलिसाला 'झडतीपुरती ये' म्हणून बोलावतात आणि काम झालं की गुन्हा दुसऱ्याच्या हातात राहतो. कादंबरी नेमकं हेच फिरवते. झडतीपुरती आलेली बाई परत जात नाही.

"बायका मुळातच संयमी आणि चौकस, म्हणून ना?"

हे उत्तर फार ऐकू येतं आणि मला ते मुळीच पटत नाही. दुधाच्या कार्डाकडे लक्ष जायला बाई असावं लागत नाही, घरचं दूध बघणारं माणूस असावं लागतं. पहाटे उठून पिशवी आत घेणाऱ्या हवालदारालाही ते दिसलं असतं. फरक पडतो तो कुणाला कुठे बसवतात याने. तिला स्वयंपाकघरात पाट मिळतो आणि साहेबांना बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकची खुर्ची. चौकशीची बरीचशी उत्तरं पाटाजवळ असतात. उलट अशाही जागा आहेत जिथे साहेबांना सहज प्रवेश आणि तिला नाही: रात्रीचा बार, वरिष्ठांच्या केबिनमधल्या गप्पा. चांगल्या लेखिका दोन्ही दाखवतात. वाईट लेखिका बाईला 'सहावं इंद्रिय' देऊन मोकळ्या होतात, आणि तिथे तपासकथा संपून चमत्कारकथा सुरू होते.

"पण खरे पोलीस असे कुठे असतात?"

हा आक्षेप जड आहे. कादंबरीतल्या अधिकाऱ्याकडे एकच गुन्हा असतो. इथे गणपती-दहीहंडीचा बंदोबस्त, व्हीआयपी दौरा, कोर्टाच्या तारखा आणि टेबलावर आणखी डझनभर गुन्हे. ठाणे आयुक्तालयाचीच हद्द ठाण्यापासून भिवंडी, कल्याण, उल्हासनगरपर्यंत पसरलेली आहे. दुधाच्या कार्डासाठी घणसोलीत तासभर बसायला वेळ आहे कुणाला?

याच्यापुढचा आक्षेप आणखी टोचणारा: अशा गोष्टी वाचून वाचक पोलीस यंत्रणेला आहे त्यापेक्षा सज्जन समजू लागतो. कोठडीतली मारहाण ही आपल्याकडे कल्पना नाही. अटकेचा मेमो करावा, नातेवाइकांना कळवावं, वैद्यकीय तपासणी करावी, हे डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 1996 मध्ये सांगावं लागलं, यातच सगळं आलं. म्हणून मी तपासकथेची एक सोपी परीक्षा लावते. बाई कार्यपद्धती मोडते तेव्हा लेखिका काय करते? 'निकाल लागला ना, मग झालं' म्हणून टाळ्या घेत असेल, तर तो वेश बदललेला झुंजारच. त्या मोडण्याची किंमत पुढे कोर्टात किंवा एखाद्या निर्दोष माणसाला मोजावी लागत असेल, तर पुस्तक प्रामाणिक आहे.

उरला 'बाई नायिका ही नुसती फॅशन' हा आक्षेप. फॅशन आहेच, प्रकाशकांना धंदा करायचा असतो. पण चित्रही बदललंय. राज्यात शासकीय भरतीत बायकांना 30 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीतही. रश्मी शुक्ला जानेवारी 2024 मध्ये राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. ठाण्यात किंवा बेलापुरात पोलीस ठाण्याच्या पायरीवर आता वर्दीतली बाई दिसली तर कुणी वळून बघत नाही. गोष्टीत ती दिसली नाही तरच खटकेल.

सुरुवात कुठून करावी?

या कादंबऱ्या बहुधा मालिकेत येतात. गुन्हा दर पुस्तकात नवा असतो, पण बाईचं घर, आजारी वडील, रखडलेली बढती, न जमणारा सहकारी हे पुस्तकामागून पुस्तक पुढे सरकतं. शक्यतो क्रमाने वाचा. मात्र मालिकेतलं पहिलं पुस्तक कच्चं असण्याची शक्यता बरीच, तेव्हा ते रेटलं नाही तर दुसरं उघडून बघा आणि मग मागे या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून उभं आहे. असल्या पुस्तकांचे अनुवाद, आणि शेजारच्याच फळीवर अर्नाळकर, अशा ठिकाणी चाळता येतात.

दीडशे पानांनंतरही एखादं पुस्तक जड वाटलं तर एवढंच तपासा: गेल्या तीन प्रकरणांत एक तरी छोटा प्रश्न सुटला का? सुटला असेल तर आणखी पन्नास पानं द्या. तीन प्रकरणं नुसता पाऊस, कॉफी आणि खिडकीतून बाहेर बघणं चालू असेल, तर ते पुस्तक संथ नाही, रिकामं आहे. खुशाल परत करा.